तळ्यासाठी चाळण

तिसरी चाळणी पाण्यात गेली आणि तिची दांडी तेवढी ऑपरेटरबाईंच्या हातात राहिली. तळ्याच्या काठावर त्या पालथ्या पडल्या होत्या, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. चाळणीने एक गिरकी घेतली, कुजक्या पानांच्या थरावर घटकाभर टेकली आणि बुडाली. बाईंनी हातातल्या दांडीकडे पाहिलं, ती बाजूला ठेवली आणि ओंजळीनेच पानं उपसायला सुरुवात केली.

मागे व्हरांड्यात चाकांच्या खुर्चीत बसलेले मिस्त्री म्हणाले, "चाळण."

"कळलं. ही नाही चालत. दुसरी बघते."

मिस्त्रींनी जोरजोरात मान हलवली. डावा हात उचलून समोर बोट केलं आणि तोच शब्द पुन्हा म्हणाले, या वेळी जरा चिडून. त्यांचा डावा पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवरून खाली आला होता. बाई उठल्या, हात कपड्यांना पुसले, तो पाय उचलून जागेवर ठेवला आणि गुडघ्यांवरची शाल सारखी केली. दिवसातून दहा वेळा तरी हे करावं लागे.

स्वयंपाकघराच्या खिडकीत वन्संचं डोकं आलं. वन्सं म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. भावाला मदत करायला म्हणून पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, त्याला आता पाचवा महिना लागला होता.

"चहाची गाळणी गेली, पिठाची चाळणी गेली, आता ही गेली," त्या म्हणाल्या. "मी चहा काय रुमालाने गाळू?"

बाई पुन्हा तळ्याकडे वळल्या. एखादी गोष्ट मनावर घेतली की ती कुणाला समजावत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. वन्संनाही त्यांनी या चाळण्यांचं कारण कधी सांगितलं नव्हतं. वन्सं आपल्या, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं धरून चालल्या होत्या.

ऑपरेटरबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीतली लहानथोर त्यांना याच नावाने ओळखत. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. इस्पितळात फोन करणारा माणूस कधी धड बोलत नाही. कोणी रडत असतो, कोणी वॉर्डाचं नाव विसरलेला असतो, कोणी नुसतंच "अहो, आमचे ते..." म्हणतो आणि पुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. बाई पुढचं ऐकायला थांबतच नसत. आवाजाच्या चढावरून, धापेवरून त्या ओळखत आणि लाइन जोडून मोकळ्या होत. हाडांचा वॉर्ड, प्रसूती विभाग, रक्तपेढी. पलीकडच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायचं ते थेट योग्य माणसाच्या कानात. आपल्या बोर्डावर राँग नंबर नाही, असं त्या ताठ मानेने सांगत आणि ते खरं होतं. एवढंच की ही सवय ड्यूटी संपल्यावर हेडफोनबरोबर खुंटीला अडकवून येता येत नाही.

मिस्त्री मुळातच कमी बोलणारे. फरश्या बसवणारा माणूस, सगळा दिवस गुडघ्यांवर आणि तोंडात पेन्सिल. संध्याकाळी घरी आल्यावर ते "आज तिथे त्या..." एवढं म्हणत, आणि "मालकिणीने पुन्हा रंग बदलला" हे बाई म्हणत. छत्तीस वर्षं अर्धं वाक्य त्यांचं आणि अर्धं बाईंचं असा संसार चालला, आणि छान चालला. लोक हसत. मिस्त्रीही हसत.

मग पाच महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि त्यांच्या वाटणीचं अर्धं वाक्यही गेलं.

बाईंनी हाय खाल्ली नाही. त्यांनी इस्पितळात ओळखीच्या सगळ्यांचा पिच्छा पुरवला, औषधांची वेळापत्रकं भिंतीला लावली. घरी फिजिओथेरपीवाली मुलगी यायला लागली. तिने दोन-अडीच महिन्यांत मिस्त्रींना उभं केलं, काठीच्या आधाराने खोलीतल्या खोलीत आठ पावलं चालवलं. आणि एका सकाळी ते बाथरूमच्या दारात पडले. मोडलं काही नाही, कपाळाला चार टाके पडले. पण तो पडण्याचा आवाज बाईंच्या कानात बसला तो बसलाच. त्यानंतर चालणं बंद झालं. "पुढच्या आठवड्यापासून करू," असं बाई त्या मुलीला सांगत. सहा आठवडे हेच सांगत होत्या. मुलीने स्पष्ट बजावलं होतं की हे पुढचे चार महिने हातातले आहेत, पाय एकदा चालायचं विसरले की त्यांना कितीही सांगा, आठवत नाही. बाईंना पटत होतं. पण मिस्त्री खुर्चीतून नुसते पुढे झुकले तरी त्या धावत जाऊन त्यांना मागे टेकवत.

आणि तीन आठवड्यांपूर्वी तो शब्द आला. तोपर्यंत मिस्त्रींकडे "हं", "नको" आणि भलत्याच ठिकाणी येणारं "बरं" एवढीच शिल्लक होती. त्या दिवशी बाईंनी त्यांना नेहमीप्रमाणे व्हरांड्यात आणून तळ्यासमोर बसवलं, आणि ते समोर बोट करून जड जिभेने म्हणाले, "चाळण."

बाईंना इतका आनंद झाला की त्या तिथेच पायरीवर बसल्या. शब्द आला होता, आणि तोही नेमका, त्यांच्या धंद्यातला. चाळण म्हणजे बांधकामावर वाळू चाळायची ती लाकडी चौकटीची. आणि बोट तळ्याकडे. यात समजायला अवघड काय होतं? बाईंनी त्याच क्षणी लाइन जोडली.

तळं मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद आणि मांडीएवढं खोल. तळाला फरशीचे तुकडे बसवले होते, पंचवीस वर्षांत घरोघरी काम करताना उरलेले, फुटलेले, मालकांनी नको म्हणून टाकलेले. पाणी स्वच्छ असलं की ते एकेक तुकड्यावर बोट ठेवून सांगत, हा दातांच्या डॉक्टरचा, हा त्या दोन भावांचा, ज्यांनी एकाच घरात मधे भिंत घातली आणि दोन बाजूंना दोन रंग लावले. ते आजारी पडल्यापासून तळ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या भिंतीपलीकडचं झाड आपली सगळी पानं इमानेइतबारे याच पाण्यात टाकत होतं. वर पानांची साय आणि खाली गाळ, तळाचा एक तुकडाही दिसत नव्हता. वन्सं तर त्या तळ्याला पहिल्यापासून पाण्यात पाहत. डास होतात, माणूस पडेल, माती भरून टाका आणि मिरच्या लावा, असा त्यांचा सल्ला होता.

बाईंनी ठरवलं की तळाचे तुकडे दिसायलाच हवेत. या माणसाला काही मागता येत नाही, आणि ज्या एका गोष्टीसाठी त्याने पाच महिन्यांत तोंड उघडलं ती त्याला मिळालीच पाहिजे. तळ दिसला की एकेक घर आठवेल, घरांबरोबर नावं येतील, नावांबरोबर बोलणं येईल. हे त्यांना कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच ठरवलं होतं आणि म्हणून त्यात शंकेला जागा नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीतून मिस्त्रींची वाळूची चाळण शोधून काढली. ती पाण्यात घातल्यावर चौकट फुगली आणि गंजलेली जाळी सुटून आली. मिस्त्रींनी मान हलवली. मग स्वयंपाकघरातल्या चाळण्यांची पाळी आली, ती कशी संपली ते वर आलंच आहे. मधे त्यांनी बाजारातून लांब दांडीचं हातजाळं आणलं. इतकं बारीक जाळीचं घेतलं की एक चिलट सुटू नये, आणि तिथेच फसल्या. बारीक जाळीतून पाणी लवकर निघेना, भरलेलं जाळं उचलताना मनगटात कळ गेली. मग तळ्यावर ताणून बांधायची जाळी आणली. पानं पाण्याऐवजी जाळीवर साचली आणि आता तळ तर नाहीच, पाणीही दिसेना. मिस्त्रींनी ती जाळी बघितली आणि चक्क डोळे मिटून घेतले.

प्रत्येक वेळी तीच मान, तेच बोट आणि तोच शब्द. अलीकडे तो शब्द म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं होतं. बाईंना ते बघवत नव्हतं. तिसरी चाळणी बुडाली त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी कागद घेतला, तळ्याची लांबी, रुंदी, खोली लिहिली, खाली मोठ्या अक्षरात "यंत्र" असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वन्संवर घर सोपवून त्या बागेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेल्या.

दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेला, सावकाश माणूस होता. दुकानाच्या मधोमध त्याने एक मोठा प्लास्टिकचा टब पाण्याने भरून ठेवला होता, गिऱ्हाइकांना यंत्रं चालवून दाखवण्यासाठी. बाजूच्या टोपलीत कागदाचे कपटे होते, पानांच्या जागी.

"तळ्यावर झाड..."

"शेजारचं. पानं रुंद, वर्षभर गळतात."

"आणि वारा साधारण..."

"झाडाकडूनच येतो. कचरा सगळा उजव्या कोपऱ्यात जमतो."

"मासे..."

"नाहीत. बेडूक दोन."

दुकानदाराने चष्मा काढून छातीवर सोडला. "बाई, मला प्रश्न तरी पुरा विचारू द्या," तो म्हणाला, पण हसून.

मग त्याने शांतपणे सगळं समजावलं. हातजाळं घ्यायचं तर जाळी मोठ्या छिद्रांची घ्या, पान अडकलं आणि पाणी पळालं पाहिजे. पण वर्षभर गळणाऱ्या झाडापुढे हातजाळं म्हणजे रोजची तासाभराची हजेरी. गाळ ओढणारा पंप वेगळा, तो महिन्यातून एकदा भाड्यानेही मिळेल. आणि रोजच्या पानांसाठी हे. त्याने टबमध्ये एक गोल तरंगतं यंत्र सोडलं, बटण दाबलं आणि मूठभर कपटे पाण्यावर उधळले. यंत्राच्या तोंडाशी पाणी किंचित खाली वाकलं आणि कपटे एकामागून एक गपचूप आतल्या टोपलीत शिरू लागले. बाई बघत राहिल्या. तीन आठवडे वाकून धरलेली त्यांची कंबर त्या कपट्यांबरोबर हलकी होत गेली.

"हेच द्या," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने मान हलवली. कागदावरची मापं बघून तो म्हणाला की हे तरंगतं यंत्र वाऱ्याने भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसेल आणि बाईंची पानं उजव्या कोपऱ्यात तशीच राहतील. त्यांना हवं होतं ते काठाला पक्कं बसवायचं, उजव्याच कोपऱ्यात. वारा पानं आणून देईल आणि यंत्र ती गिळत राहील, माणसाला फक्त दोन दिवसांनी टोपली रिकामी करायची. त्याने तेही काढून दाखवलं. बाईंना ते एकदम पसंत पडलं. माणूस पाठवून उद्याच बसवून देतो, असं दुकानदार म्हणाला आणि पावतीपुस्तक ओढता ओढता थांबला.

"फक्त एक. याच्यासाठी काठ हातभर फोडावा लागतो. काठ कसला आहे?"

"फरशीचा."

"मग ज्यांनी बसवलीय त्यांना एकदा विचारा. नंतर लोक आमच्याशी भांडतात."

ज्यांनी बसवली होती त्यांना विचारायचं कसं, हा प्रश्नच होता. पण काठ मिस्त्रींचा होता. त्यांच्या हातचं काम त्यांना न विचारता फोडायचं धाडस बाईंच्यात नव्हतं. "हो"ला "हं" आणि "नाही"ला "नको", एवढं तर त्यांना येत होतं. बाईंनी पर्समधून फोन काढून घरी लावला.

"येताना गाळणी आण," वन्सं म्हणाल्या.

"आणते. यांच्या कानाला फोन लावता का जरा?"

वन्संच्या चपलांचा आवाज आला, मग व्हरांड्याच्या दाराचा, मग मिस्त्रींचा श्वास. तो बाईंना कुठेही ओळखता आला असता.

"अहो, मी बोलतेय. तळ्यासाठी एक चांगलं यंत्र मिळालंय. पण त्याला काठ थोडा फोडावा लागतोय, उजव्या कोपऱ्याचा. फोडू का? नुसतं हं म्हणा, नाहीतर नको म्हणा."

श्वास थांबला. मग शब्द आला. टबमधला पंप घरघरत होता, त्यात तो नीट ऐकू आला नाही, पण ऐकायची गरज नव्हती. चाळण. म्हणजे हवंच आहे. बाईंनी दुकानदाराला "फाडा पावती" म्हणायला हात उचललाही होता.

पण एकतीस वर्षांची सवय. लाइनवर खरखर असताना जोडायचं नाही. उचललेल्या हाताने त्यांनी पंपाकडे बोट केलं आणि तो बंद करायची खूण केली. दुकानदाराने बटण दाबलं. बाईंनी फोन उजव्या कानाला लावला, हेडफोनच्या कानाला, आणि बोर्डावर अवघड फोन आला की मिटत तसे डोळे मिटले.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या.

आता समोर तळं नव्हतं. पानं नव्हती, बोट नव्हतं, लाकडी चौकटही नव्हती. नुसता आवाज होता. जिभेचं ओझं उचलत उचलत तो आला. आधी "चाऽल", ज्यातला ल जिभेला चिकटून ळ होत होता. मग एक दम. आणि मग "ना."

बाईंचे डोळे उघडलेच नाहीत.

लग्न झाल्यावर सव्वीस वर्षं, जोवर त्यांच्या खिशात स्वतःचा फोन आला नव्हता तोवर, मिस्त्री काम संपलं की नाक्यावरच्या दुकानातून इस्पितळाला फोन लावत. एक्स्चेंजवर खासगी बोलायला मनाई होती. बाई ठरलेल्या आवाजात इस्पितळाचं नाव सांगत. पलीकडून दोनच शब्द येत, "चल ना." बाई काही न बोलता लाइन सोडत, रजिस्टरवर सही करत आणि खाली जात. फाटकाशी मिस्त्री उभे असत, कपड्यांवर सिमेंटचे डाग घेऊन. तिथून घर चाळीस मिनिटं होतं. बसचे पैसे खिशात असूनही ते चालत येत.

सव्वीस वर्षं ऐकलेले दोन शब्द. आणि तीन आठवडे तेच दोन शब्द तो माणूस त्यांच्या तोंडावर सांगत होता, आणि त्या त्याला घरातल्या चाळण्या आणून दाखवत होत्या. बोट तळ्याकडे नव्हतं. तळ्याच्या पलीकडे, त्याच रेषेत, फाटक होतं. तो पाय घसरत नव्हता. तो माणूस पाय खाली टाकत होता आणि त्या उचलून परत वर ठेवत होत्या. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की दुकानदारासमोर उभं राहणं अवघड झालं.

"आले," त्या फोनमध्ये म्हणाल्या आणि फोन बंद केला.

"काय म्हणाले? फोडायचा?" दुकानदाराने विचारलं.

"नाही."

"मग ते तरंगतं दाखवलं ते..."

दुकानदाराचं वाक्य पुरं होईपर्यंत बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "यंत्र चांगलंच आहे हो तुमचं. माझ्याकडून राँग नंबर लागला." दुकानदाराला काही कळलं नाही. त्याने मोठ्या छिद्रांचं हातजाळं तरी घेऊन जा, असं सुचवलं. बाई तोवर दाराबाहेर पडल्या होत्या.

घरी पोचल्या तेव्हा वन्सं व्हरांड्यात शेंगा सोलत होत्या. बाईंच्या हातात काहीच नाही हे त्यांनी एका नजरेत टिपलं आणि गाळणीचं काय झालं, ते विचारलं. बाईंनी पर्स जमिनीवर ठेवली.

"वन्सं, हे रोज काय म्हणतात, तुम्हाला कळतं?"

"न कळायला काय झालं? 'चल ना' म्हणतो."

"तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं?"

"मग! बोबडं बोलतो तो, मुका थोडाच आहे. लहानपणीही असंच बोलायचा." वन्संनी एक शेंग मोडली. "मला वाटलं, तुम्हा दोघांचं आपलं काही असेल. नवराबायकोच्या मधे मी कशाला तोंड घालू? बाकी सगळीकडे घालते तेवढं पुरे आहे."

बाईंना हसू आलं आणि ते अर्ध्यावर भलतीकडे वळलं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, आत गेल्या, कपाटाच्या माथ्यावर टाकलेला मिस्त्रींच्या बुटांचा जोड काढला, त्यावरची धूळ झटकली आणि बाहेर येऊन खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या. उजवा पाय बुटात घालायला वेळ लागला. तो पाय मदत करत नव्हता. डाव्याने मात्र स्वतःच वाट काढली. मिस्त्री बायकोच्या डोक्याकडे बघत होते.

"मला भीती वाटते," नाडी बांधता बांधता बाई म्हणाल्या. मान वर केली नाही. "तुम्ही पडलात ना, तो आवाज अजून ऐकू येतो. म्हणून मी नाही उठवलं तुम्हाला. दुसरं काही कारण नाही."

"हं," मिस्त्री म्हणाले. आणि थोड्या वेळाने, या खेपेला अगदी बरोबर ठिकाणी, "बरं."

फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलं होतं तसं बाईंनी त्यांच्या कमरेला पट्टा बांधला, एक हात पट्ट्यात घातला, दुसरा दंडाखाली घेतला. काठी मिस्त्रींच्या डाव्या हातात. तीनदा पुढे झुकले, तिसऱ्या वेळी उठले. उभे राहिल्यावर ते बाईंना वाटले होते त्यापेक्षा उंच होते. खुर्चीतल्या सहा आठवड्यांत त्या हे विसरल्या होत्या. वन्संनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, कुणी न सांगता रिकामी खुर्ची ताब्यात घेतली आणि मागे उभ्या राहिल्या.

व्हरांड्याची पायरी उतरायलाच पाच मिनिटं गेली. मग फरसबंदीची वाट लागली, तीही मिस्त्रींनीच घातलेली. काठी, डावा पाय, मग उजवा ओढून. काठी, डावा, उजवा. बाई मनातल्या मनात मोजत होत्या. आठव्या पावलाशी त्यांचा पट्ट्यातला हात घट्ट झाला. नववं पाऊल पडलं, मग दहावं.

तळं डाव्या हाताला आलं. आदल्या दिवशी उपसलेल्या जागी पुन्हा पानं जमली होती आणि एक बेडूक काठाच्या फरशीवर ऊन खात बसला होता. मिस्त्रींनी तळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर समोर होती, फाटकाच्या कडीवर. मधे एकदा उजवा गुडघा दुमडल्यासारखा झाला आणि बाईंच्या तोंडाशी आलं, "बस, आज एवढं पुरे." त्या गप्प राहिल्या. मिस्त्री काठीवर भार टाकून उभे राहिले, दम घेतला आणि आपणच पुढचं पाऊल टाकलं. मागून वन्संच्या हातातल्या खुर्चीची चाकं कुरकुरत येत होती.

फाटकाची कडी मिस्त्रींनी डाव्या हाताने काढली. त्यासाठी काठी बाईंच्या हातात दिली आणि कडी निघाल्यावर परत मागून घेतली. रस्ता त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंना मोकळा होता.

"कुठे जायचं?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी तोंड उघडलं. "त्या..." एवढं आलं आणि अडलं. बाईंच्या जिभेवर लगेच तीन-चार उत्तरं येऊन उभी राहिली. नाक्यापर्यंत. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत. त्या दोन भावांच्या घराकडे. त्यांतलं एखादं बरोबरही असणार होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. रस्त्यावरून एक सायकल गेली, मग बऱ्याच वेळाने दुसरी. वन्संनी खुर्चीचा ब्रेक लावला आणि तिच्यात स्वतःच बसल्या. मिस्त्री शब्द शोधत होते, आणि बाई त्यांचा दंड धरून थांबल्या होत्या.